छोट्या ट्रॅक्टरचे हरवलेले घोडे



कल्याणहून कर्जतच्या दिशेने लोकल निघाली की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानकं ओळीने येतात. उल्हासनगर ते बदलापूर हे अंतर जेमतेम दहा किलोमीटरचं. खिडकीतून पाहणाऱ्याला आज इमारतीच दिसतात. इथे कुणी शेती करत असेल, हे त्याच्या मनातही येत नाही. पण बदलापूरजवळची एरंजाड, सोनिवली, मुळगाव ही गावं घ्या, बारवी धरणाच्या वाटेवरची घ्या, नाहीतर मलंगगडाच्या पायथ्याची घ्या. तिथे आजही पहिल्या पावसाबरोबर भाताची पेरणी होते आणि जुलै उजाडला की आवणीची घाई सुरू होते.

खाचरं लहान, बांध अरुंद, एका खाचरातून दुसऱ्यात जायचं तर वळायलाही जागा नाही. पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर तिथे उपयोगाचा नाही. बैलजोडी वर्षभर पोसणं बहुतेकांना परवडत नाही. म्हणून इकडच्या शेतकऱ्याचा भरवसा आहे तो छोट्या डिझेल ट्रॅक्टरवर. महिंद्राचा युवराज पंधरा हॉर्सपॉवरचा, एका सिलिंडरचा. व्ही.एस.टी. कंपनीचा मित्सुबिशी बनावटीचा साडेअठरा हॉर्सपॉवरचा, तीन सिलिंडरचा. कुबोटाचा निओस्टार एकवीसचा. ही यंत्रं आकाराने लहान असली, तरी चिखलणीच्या पंधरा दिवसांत सगळं घर त्यांच्यावर अवलंबून असतं.

आणि नेमकी त्याच दिवसांत तक्रार येते : "ट्रॅक्टर लोड घेत नाही. रोटाव्हेटर खाली सोडला की मरतो."

आज मला या एकाच तक्रारीबद्दल बोलायचं आहे. डिझेल इंजिनांच्या दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि माझा अनुभव असा, की ताकद गेली म्हणून खोललेल्या इंजिनांपैकी कितीतरी इंजिनं खोलायची गरजच नव्हती. भाताचं रोप साधारण एकवीस ते पंचवीस दिवसांचं असताना लावलं तर त्याला फुटवे चांगले येतात. रोप जून झालं की फुटवे कमी आणि पीकही कमी. त्यामुळे हंगामात इंजिन उतरवून आठ-दहा दिवस गॅरेजमध्ये ठेवणं म्हणजे नुसता दुरुस्तीचा खर्च नाही, तर रोपाचं वय वाया घालवणं आहे. म्हणून पाना हातात घेण्याआधी निदान नीट व्हायला हवं.

आधी हॉर्सपॉवर म्हणजे काय ते पाहू. पंचाहत्तर किलोचं वजन एका सेकंदात एक मीटर वर उचलायला जी शक्ती लागते, ती एक हॉर्सपॉवर. बॉनेटवर लिहिलेला आकडा इंजिनाचा असतो. ती शक्ती गिअरमधून फिरून मागच्या पी.टी.ओ. शाफ्टपर्यंत येते, तेव्हा साधारण ८५ टक्के उरते. आणि चाकांनी जमीन धरून नांगर ओढायचा झाला, तर मऊ जमिनीत निम्म्याच्या आसपासच हाती लागते. बाकीची टायर घसरण्यात आणि चिखल तुडवण्यात जाते. मध्य प्रदेशात बुदनी इथे १९५५ पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर परीक्षण संस्था आहे. तिच्या अहवालात पी.टी.ओ.ची शक्ती आणि ओढशक्ती वेगवेगळी दिलेली असते. ट्रॅक्टर घेताना विक्रेत्याकडे हा अहवाल मागावा. बॉनेटवरचा आकडा वाचून अपेक्षा ठेवली, तर चांगला ट्रॅक्टरही अशक्त वाटतो.

म्हणून पहिला प्रश्न असा : जोर कमी पडतो तेव्हा नेमकं काय होतं? ट्रॅक्टरवर बसल्या बसल्या याचं उत्तर मिळतं.

इंजिनाचा आवाज तसाच आहे, पण मागचं चाक जागेवर फिरतंय, तर इंजिन निर्दोष आहे. चाकाला पकड नाही. केजव्हील लावा, मागे वजन वाढवा, टायरमधली हवा पुस्तकाप्रमाणे ठेवा.

इंजिनाचा आवाज चढाच आहे, चाकंही घसरत नाहीत आणि तरी ट्रॅक्टर मंदावतो, तर क्लच प्लेट घसरते आहे. जळकट वास येतोच. आधी क्लच पेडलला मोकळा हेलकावा आहे का ते बघा. पुष्कळदा पेडलवर पाय ठेवून चालवायची सवयच प्लेट खाऊन टाकते.

आणि तिसरी गोष्ट. इंजिनाचाच आवाज खाली बसत असेल, तर दोष इंजिनाकडे किंवा त्याच्यावर टाकलेल्या कामाकडे आहे. अशा वेळी मान वळवून धुराकडे बघायचं.

उल्हासनगरात, अंबरनाथच्या एम.आय.डी.सी.त जनरेटरची कामं करणारे पुष्कळ कारागीर आहेत. लोडशेडिंगच्या वर्षांत त्यांचे हात या कामावर पक्के झाले. जनरेटरवाल्याचं एक सुख असतं. समोर मीटर असतो. व्होल्टेज किती, फेरे किती, सगळं दिसतं. शेतात मीटर नाही. तिथे धूर हाच मीटर.

काळा धूर म्हणजे डिझेल आहे, पण ते जाळायला हवा पुरत नाही. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, किंवा पाणी आत शिरलंय. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. आणि इंजिन दबतंय, तरी धूर जवळजवळ नाहीच, तर डिझेल पोचत नाही. एवढं ध्यानात ठेवा : काळा धूर असेल तर हवा शोधा, धूर नसेल तर डिझेल शोधा.

दोन ट्रॅक्टरांची उदाहरणं देतो. दोघांची तक्रार शब्दशः एकच होती.

पहिला तीन सिलिंडरचा. सकाळी लगेच चालू व्हायचा, दहा-पंधरा मिनिटं छान काम करायचा, मग दम सोडायचा. बंद करून थोडा वेळ ठेवला की पुन्हा ताजा. धूर नाही. मालकाला कुणीतरी सांगितलं होतं, की इंजिन बांधायला आलंय. खर्चाचा आकडा ऐकून ते ट्रॅक्टर विकायच्या विचारात होते. मी म्हटलं, "दादा, आता जोर गेला की इंजिन बंद करू नका. नुसतं टाकीचं झाकण सैल करा." त्यांनी केलं. टाकीने फस्सकन हवा ओढली आणि मिनिटाभरात इंजिन पूर्ववत झालं. पावसाचं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून झाकणाखाली प्लॅस्टिकची पिशवी लावलेली होती. त्याने झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बंद झालं. जेवढं डिझेल टाकीतून जातं तेवढी हवा आत यायला हवी. ती आली नाही की टाकी डिझेल सोडत नाही. नवीन झाकण घेतलं आणि काम झालं.

दुसरा ट्रॅक्टर काळा धूर ओकायचा. गेल्या हिवाळ्यात त्याच्यावर मळणी यंत्र चाललं होतं. पेंढ्याचा भुसा एअर क्लीनरमध्ये जाऊन तेलाचा लगदा झाला होता. पुढे ताकद कमी वाटली म्हणून कुणीतरी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवलं. त्याने धूर वाढला, ताकद वाढली नाही. एअर क्लीनर धुऊन खुणेपर्यंत नवं तेल भरलं, इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या क्लिपा बदलल्या आणि पंप तपासणीच्या बेंचवर नेऊन मूळ मापावर आणला. धूर गेला आणि जोर परत आला.

पंपाचा हा स्क्रू म्हणजे आपल्याकडचा सगळ्यांत महागडा घरगुती उपाय. तो का फसतो, हे आकड्यांनी पाहू. एक लिटर डिझेल जाळायला साधारण दहा हजार लिटर हवा लागते. समजा, नऊशे सीसीचं इंजिन आहे आणि ते मिनिटाला २७०० फेरे करतं. दर दोन फेऱ्यांत ते एकदा श्वास घेतं. म्हणजे मिनिटाला बाराशे लिटर आणि तासाला बहात्तर-त्र्याहत्तर हजार लिटर. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाही, म्हणून साठ हजार धरा. या हवेत कागदावर सहा लिटर डिझेल जळेल. पण डिझेल इंजिनात हवा आणि डिझेल मिसळायला वेळ फार थोडा मिळतो, म्हणून हवा बरीच जास्त ठेवावी लागते. स्वच्छ जळतं ते चार-साडेचार लिटरच. कारखान्यातून पंप त्याच मापाला लावून येतो. तुम्ही पाच-साडेपाच लिटर ओतलंत, तर वरचं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं. इंजिन तापतं, पिस्टनवर कार्बन बसतो, न जळलेलं डिझेल खाली उतरून ऑइल पातळ करतं. सील तोडल्यामुळे वॉरंटी जाते ती वेगळीच.

याच हिशेबातून शेतकऱ्याला घरच्या घरी करता येईल अशी एक परीक्षा निघते. पूर्ण जोरावर चालणारं छोटं डिझेल इंजिन दर हॉर्सपॉवरला तासाला पाव लिटरपेक्षा थोडं कमी डिझेल घेतं. साडेअठरा हॉर्सपॉवरला ते चार-साडेचार लिटर होतं. टाकी काठोकाठ भरा, तासभर सलग चिखलणी करा आणि मापाने पुन्हा काठोकाठ भरा. ट्रॅक्टर दबतोय आणि तासाला अडीच लिटरच गेलं, तर इंजिनाला अर्धपोटी ठेवलंय. साडेचारच्या वर गेलं आणि धूर काळा, तर ते गुदमरतंय. या परीक्षेला तासभर वेळ आणि एक मापाचं भांडं लागतं.

डिझेल पोचत नसेल तर टाकीपासून पंपापर्यंत क्रमाने जायचं. झाकणाचं छिद्र, टाकीतली जाळी, डिझेल कॉक, काचेची वाटी, फिल्टर. वाटीतलं डिझेल पारदर्शक बाटलीत काढून पंधरा मिनिटं ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळं बसलेलं दिसेल. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी रात्रभर राहिली की आतल्या हवेतलं बाष्प थंड होऊन पाणी तयार होतं. म्हणून संध्याकाळी टाकी भरून ठेवावी. नळीच्या जोडावरची तांब्याची वायसर दबली असेल, तर पंप हवा धरतो. वायसर बदलून हवा काढली की झालं.

उल्हास नदीकाठच्या मंडळींना वेगळं सांगायला हवं. २६ जुलै २००५चा पूर कोण विसरेल? २०१९च्या जुलैअखेरीस तर बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसच पाण्यात अडकली होती. पुराच्या पाण्यात उभा राहिलेला ट्रॅक्टर कधीही लगेच सुरू करू नका. इंजिन ऑइलची काडी काढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, तर पाणी आत गेलंय. आधी ऑइल, फिल्टर, डिझेल, एअर क्लीनर सगळं बदलायचं, गिअर बॉक्सचं तेलही तपासायचं. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

हवा आणि डिझेल दोन्ही ठीक असूनही जोर नसेल, तर फेरे मोजा. मिनिटाला २७०० फेरे अपेक्षित असलेलं इंजिन २२०० वरच थांबत असेल, तर साडेअठरातले तीन-साडेतीन घोडे तिथेच गेले. कारण पुष्कळदा क्षुल्लक असतं. ॲक्सिलरेटरचा दांडा किंवा केबल झिजते, लिव्हर पूर्ण ओढली तरी पंपावरची कडी शेवटच्या टोकाला टेकत नाही. एकाने लिव्हर ओढायची, दुसऱ्याने पंपाकडे बघायचं. फट दिसली तर केबल जुळवून घ्यायची.

मग चोरवाटा बघायच्या. सपाट जागेवर ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ढकलून बघा. दोन माणसांना हलत नसेल, तर ब्रेक धरून राहिलाय. अवजार वर उचलल्यावर लिफ्टची लिव्हर टोकाला ताणून ठेवली, तर हायड्रॉलिक पंप दाबाखाली कण्हत राहतो आणि दोन-तीन घोडे सहज खातो. रेडिएटरच्या जाळीत भुसा-चिखल भरला तर इंजिन तापून मंदावतं. आणि उन्हाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं मी स्वतः काढलंय.

एवढं झाल्यावरच टॅपेट, नोझल, पंपाचं टायमिंग आणि कॉम्प्रेशन. ही कारागिराची कामं आहेत. नोझल बेंचवर लावलं की त्याचा दाब आणि फवारा दोन्ही दिसतात. धुक्यासारखा फवारा हवा, थेंब गळता कामा नये. थंड इंजिन सुरू व्हायला फार वेळ लागतो, पांढरा धूर निघतो, ब्रीदरमधून जोरात फुसफुस येते, ऑइल सारखं कमी होतं, अशी लक्षणं एकत्र दिसली, तर रिंगा आणि लायनर झिजलेत. तेव्हा इंजिन जरूर बांधावं. पण कॉम्प्रेशन मोजून आकडा बघितल्यावर.

एक इशारा कळकळीने देतो. इंजिन चालू असताना नोझलची नळी गळतेय का, हे बोट लावून कधीही तपासू नका. तो फवारा शंभर किलोहून अधिक दाबाने येतो आणि कातडी भेदून आत जातो. वरून टाचणीएवढं छिद्र दिसतं, पण आतलं बोट, कधी हात गमवायची पाळी येते. गळती बघायची तर पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा. तरीही लागलंच, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. तडक रुग्णालय गाठा आणि डिझेल दाबाने आत गेलंय, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. तसंच पी.टी.ओ. फिरत असताना रोटाव्हेटरमध्ये अडकलेलं गवत हाताने काढू नका. आधी इंजिन बंद, मग हात.

आता राहिला सुधारणेचा प्रश्न. छोट्या ट्रॅक्टरची ताकद वाढवता येते का? इंजिनाची नाही. त्याची हवा ठरलेली आहे, म्हणून शक्तीही ठरलेली आहे. पण ती शक्ती कशावर खर्च होते, हे आपल्या हातात आहे. साडेअठरा हॉर्सपॉवरला तीन-साडेतीन फुटांचा रोटाव्हेटर पुरतो. शेजाऱ्याचा पाच फुटी जोडला तर कुठलाही मेकॅनिक काही करू शकत नाही. झिजलेली पाती बदलावीत आणि ती उलटी बसलेली नाहीत ना, हे बघावं. अनेक छोट्या ट्रॅक्टरांना पी.टी.ओ.चे दोन-तीन वेग असतात. जड चिखलात कमी वेग ठेवावा, गिअर खालचा घ्यावा. एकाच फेरीत खोल जाण्यापेक्षा दोन उथळ फेऱ्या माराव्यात. इंजिनाचा आवाज भरलेला आणि एकसारखा राहतो, धूर फिकट राहतो, आणि दिवसाअखेर काम जास्तच झालेलं असतं.

एक दिलासा देऊन थांबतो. २०२३ पासून पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे, कडक नियम लागू झाले आणि मोठ्या ट्रॅक्टरांत इलेक्ट्रॉनिक पंप, सेन्सर आले. तुमच्या खाचरातला छोटा ट्रॅक्टर अजून साध्या यांत्रिक पंपावर चालतो. त्याची तपासणी करायला लॅपटॉप लागत नाही. मे महिन्याच्या अखेरीस, रोहिणीचा पाऊस पडायच्या आत, एक दिवस त्याला द्या. एअर क्लीनर, डिझेल फिल्टर, टाकीचं झाकण, ॲक्सिलरेटरची केबल, रेडिएटरची जाळी आणि रोटाव्हेटरची पाती. ही सहा कामं घरच्या अंगणात होतात. ती करूनही जोर कमी वाटला, तर मेकॅनिककडे जाताना एका कागदावर लिहून न्या : धूर कसला होता, तासाला डिझेल किती लागलं, कुठला गिअर होता, किती मिनिटांनी दम सुटला. चांगला मेकॅनिक तो कागद आधी वाचेल. आणि जो न वाचताच इंजिन उतरवायला सांगेल, त्याच्या दारातून ट्रॅक्टर परत आणायला संकोच करू नका.